पाय आहेत, पण चालवत नाहीत

लढाईत ज्याचा पाय तुटला, त्याचे नुकसान कुणाला समजावून सांगावे लागत नाही. कुबडी दिसते, विजारीचा रिकामा पायचा दिसतो. पण श्रोतेहो, पाय जागच्या जागी आहेत आणि तरी माणसाला उभे राहवत नाही, त्याचे काय? अमेरिकेच्या कायद्याने याचे उत्तर दिले ते एका ‘किंवा’ने.

तिथे यादवी युद्ध चालू असताना, १८६२ साली, जखमी सैनिकांच्या पेन्शनचा कायदा झाला. साधा शिपाई पुरता निकामी झाला तर महिना ८ डॉलर. अधिकाऱ्याला अर्थातच जास्त. जखम दोघांची एकच असली तरी! १८६४ साली दोन्ही पाय गमावलेल्यांना २० डॉलर ठरले. गमावलेल्यांना, बरं का. १८६६ साली त्याला शेपूट जोडले गेले: ‘किंवा’ ते पाय कायमचे नि पुरते निकामी झाले असतील तर. लुळा पडलेला शिपाई या शेपटामुळे पाय तुटलेल्याच्या रांगेत आला.

मात्र मणक्याला इजा होऊन लुळे पडलेल्यांपैकी फार थोडे त्या काळी जगत. पहिल्या महायुद्धापर्यंत बहुतेक जण अंथरुणातल्या व्रणांनी आणि मूत्रमार्गाच्या विकारांनी जात. दुसऱ्या महायुद्धात सल्फा औषधे आली, पेनिसिलिन आले, आणि ही माणसे जगली. जगली, म्हणजे घरी जाणे आले. अन् घराला तर पायऱ्या, दारे अरुंद. चाकाची खुर्ची आत शिरणार कशी?

१९४६ साली मोटारीसाठी १६०० डॉलरपर्यंत मदत मिळाली. याच सुमारास या लुळ्या सैनिकांनी स्वतःची संघटना काढली. १९४८ साली सोयीचे घर बांधायला निम्मा खर्च, १०,००० डॉलरपर्यंत, सरकारने द्यायचे ठरले. गंमत अशी की आता कायदा उलट्या बाजूला लंगडला: हे घर फक्त मज्जारज्जूच्या विकाराने लुळे पडलेल्यांना, दोन्ही पाय कापलेला बाहेरच! ती चूक १९४९ साली दुरुस्त झाली.

राहता राहिला प्रश्न, ‘निकामी’ म्हणजे किती? तिथला नियम विचारतो, हा पाय कापून कृत्रिम पाय बसवला तर काम तितकेच चालेल काय? चालेल, तर तो निकामी. जिवंत पायाची ही तुलना कानाला कठोर लागते खरी. पण नुसत्या टक्केवारीपेक्षा मला ती प्रामाणिक वाटते. कारण ती पायाचे रूप पाहत नाही. तोल सावरतो का, पाऊल पुढे पडते का, एवढेच विचारते.