नाचाला मागणी आहे, जागा नाहीत

कोल्हापुरात मुलीला आठवी-नववीपर्यंत कथ्थकच्या नाहीतर भरतनाट्यमच्या क्लासला हौसेने सोडणारी माणसेच पुढे सांगू लागतात, की नाचून पोट भरत नाही. हे मत अडाणीपणाचे म्हणून झटकता येत नाही. शास्त्रीय नृत्याचा कार्यक्रम करायचा तर साथीदारांचे मानधन, पोशाख, सभागृहाचे भाडे बहुतेक वेळा नाचणारीच्याच पदरचे जाते. गुडघा किंवा घोटा एकदा दुखावला की वर्ष वाया जाते. या मताला अर्थशास्त्राचाही आधार आहे. विल्यम बॉमल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी 1966 मध्ये प्रयोगकलांच्या अर्थकारणावर ग्रंथ लिहिला. कारखान्यात दर माणशी उत्पादन वाढत जाते, प्रयोगकलेत ते वाढत नाही, असे त्यांनी दाखवले. तासाभराचे एकल नृत्य शंभर वर्षांपूर्वी तासाभराचे होते, आजही तेवढेच आहे. बाकीचे भाव आणि पगार मात्र चढत राहतात. म्हणून खर्च आणि तिकिटाचे उत्पन्न यांतली दरी रुंदावतच जाते.

पूर्वपक्ष इथवर मान्य आहे. चुकतो तो निष्कर्ष. बॉमल-बोवेन यांच्या मांडणीतून निघते ते एवढेच, की या कलांना तिकिटाबाहेरून पैसा लागतो. शाळेतल्या तासाचेही तेच आहे. तो तीसऐवजी वीस मिनिटांत उरकता येत नाही. तरी शिकवून पोट भरत नाही असे कुणी म्हणत नाही, कारण शिक्षकाची जागा मंजूर असते आणि वेतनश्रेणी ठरलेली असते.

कोल्हापूरकराला याचा पुरावा लांब शोधायला नको. खासबागचे कुस्ती मैदान 1912 चे, त्याला लागूनच असलेले पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, 1915 चे. दोन्ही शाहू महाराजांनी उभारली. राजाश्रय एकाच हाताने दोघांना मिळाला. संस्थाने गेली तेव्हा कुस्तीची सोय दुसरीकडे लागली. मल्ल खाशाबा जाधव 1952 मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला जाणार होते, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून 7 हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले आणि 1955 मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले. पुढे त्यांची बढती कितीतरी वर्षे रखडली, हेही खरे. पण नोकरी होती. आज राज्याच्या नोकरभरतीत गुणवत्ताधारक खेळाडूंना 5 टक्के समांतर आरक्षण आहे. पैलवानाचे शरीर नर्तकीच्या शरीराहून जास्त टिकते असे नाही, आणि नुसत्या इनामावर संसार करणारे मल्लही थोडेच. तरीही तालमीत पोर घालताना बापाला पुढची वाट दिसते. नृत्यात विशारद झालेल्या मुलीला अशी राखीव जागा कुठल्याच भरतीत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये नाट्यगृह आगीत जळाले तेव्हा सारे शहर हळहळले, ते योग्यच. त्या रंगमंचावर उभे राहणाऱ्यांच्या मिळकतीबद्दल मात्र आपण एरवीही फारसे बोलत नाही.

आता इतिहासाकडे पाहू. ‘पोट भरत नाही’ हे विधान महाराष्ट्राच्या बाबतीत सरळसरळ खोटे आहे. लावणीच्या घराण्यांत बायकांच्या पायांवर पिढ्यान्‌पिढ्या आख्खी कुटुंबे जगली. वाईच्या यमुनाबाई, नारायणगावच्या विठाबाई यांच्या घरी नाच हा छंद नव्हता. पांढरपेशा समाजाचा खरा आक्षेप ‘नाचून पोट भरू नये’ असा होता. तो नैतिक होता, जातीचाही होता. शास्त्रीय नृत्य मध्यमवर्गात आले तसे हे उघड म्हणायची पंचाईत झाली आणि त्याच आक्षेपाने हिशेबाची भाषा उचलली. त्या बायकांच्या वाट्याला आलेली पिळवणूक मी विसरत नाही. पण तिचा दोष कलेचा नव्हता. कमाई कुणाच्या हातात जायची, याचा होता.

सिनेमाचा दाखला तर कोल्हापूरच्या अंगणातलाच. बाबूराव पेंटरांपाठोपाठ 1929 मध्ये इथेच प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली. प्रभात 1933 मध्ये पुण्याला गेली, पण भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओमुळे चित्रपटाचा धंदा शहरात राहिला. जयश्री गडकर समूहनृत्यातली एक मुलगी म्हणून पडद्यावर आल्या. 1959 च्या अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’ने त्यांना आघाडीची नायिका केले. लीला गांधींची ओळख तर नाचानेच झाली. तमाशापट चालत होते तोवर नाचणारी, नाच बसवणारा, ढोलकीवाला, सगळ्यांना काम होते. पुढे काम आटले ते स्टुडिओ थंडावले म्हणून. नाचणाऱ्यांचे कसब काही रातोरात कमी झाले नव्हते.

हल्ली याच्या उलट एक गोड मतही फिरते: नृत्यात असंख्य संधी आहेत, नृत्योपचार आहे, कोरिओग्राफी आहे, फिटनेस आहे. हेही मला पटत नाही. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने नृत्योपचाराचा अभ्यासक्रम चालवला, ही चांगलीच गोष्ट. पण जिल्ह्याच्या रुग्णालयात त्याची जागा निघत नसेल, तर ती संधी यादीतच राहते.

आणि क्लास घेणे म्हणजे हरलेल्या नर्तकीचा आसरा, ही समजूत या दोन्ही मतांत मुकाट्याने बसलेली आहे. रोहिणी भाटे यांनी 1947 मध्ये पुण्यात नृत्यभारती काढली. शिकवण्याबरोबरच त्यांनी संस्कृत ग्रंथ अभ्यासले आणि इझाडोरा डंकनचे आत्मचरित्र मराठीत आणले. सुचेता भिडे-चापेकर भरतनाट्यम शिकल्या आणि तंजावरच्या मराठे राजांच्या रचनांपर्यंत पोचल्या. त्यांचे गुरू पार्वतीकुमार यांनी सरफोजी राजांची मराठी निरूपणे आधीच रंगमंचावर आणली होती. क्लास, संशोधन आणि प्रयोग ही त्यांच्याकडे वेगवेगळी खाती नव्हती.

जागा आणायच्या कुठून, हे विचारणे रास्त आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तिथे कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशक नेमायची तरतूद आहे. शाळेत कला म्हणजे चित्रकला असा प्रघात पडला आहे, तो मोडायला नवा कायदा लागत नाही. लेझीम शारीरिक शिक्षणाच्या तासाला चालते. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या उद्घाटनात सांगलीच्या 400 जणांनी ती खेळून दाखवली. म्हणजे व्यायाम म्हटले की नाच शाळेला चालतो! एरवी त्याच शाळेचे गॅदरिंग आले की नाच बसवायला बाहेरून कुणाला तरी बोलावतात आणि पाकिटात काहीतरी घालून मोकळे होतात.

दहावीला शास्त्रीय कलांचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून परीक्षांना गर्दी वाढली, आणि ते गुण पदरात पडले की घुंगरू माळ्यावर जातात. यात पालकांचाही हिशेब चुकतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद ही मेहनतीची परीक्षा आहे, पण प्राध्यापक व्हायला विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी लागते. ती पुण्याच्या ललित कला केंद्रात किंवा मुंबईच्या नालंदा नृत्यकला महाविद्यालयात मिळते, आणि यूजीसीच्या नेट परीक्षेत प्रयोगकला हा स्वतंत्र विषय आहे. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठी दोन वर्षांची शिष्यवृत्तीही आहे. तिची वयोमर्यादा 18 ते 25 आहे. ही पदवी किंवा शिष्यवृत्ती हवी तर मुलीचे नृत्यशिक्षण नववीत तोडून चालत नाही.