अंतर्गत प्रश्नाची ढाल आणि १९४६ चा ठराव

सार्वभौम राज्याने आपल्या हद्दीतील माणसांना कसे वागवावे हा सर्वस्वी त्याचाच प्रश्न होय, ही धारणा आंतरराष्ट्रीय कायद्यात इतकी मुरलेली होती की १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतही कलम २ च्या सातव्या उपकलमाने तिला संरक्षण दिले. त्याच सनदेच्या ५५ व ५६ व्या कलमांनी मात्र वंश, लिंग, भाषा वा धर्म यांवरून भेद न करता मानवी हक्कांचा आदर वाढविण्याची जबाबदारी सदस्य राष्ट्रांवर टाकली. यांपैकी वरचढ कोण, याची पहिली मोठी कसोटी दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांच्या प्रश्नावर लागली.

नाताळ व ट्रान्सवाल या प्रांतांतील भारतीयांना ठरावीक वस्त्यांबाहेर जमीन घेण्यास व राहण्यास प्रतिबंध करणारा कायदा तेथील संसदेने १९४६ मध्ये केला. भारतीय त्याला ‘घेट्टो कायदा’ म्हणत. १३ जून रोजी दरबानमध्ये सत्याग्रह सुरू झाला. अंबिलो रस्ता व गेल स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावरील नगरपालिकेच्या मोकळ्या जागेत सत्याग्रहींनी तंबू ठोकले, गोऱ्या जमावाने त्यांच्यावर हल्ले केले, आणि पुढे सुमारे दोन हजार माणसे तुरुंगात गेली. त्याच महिन्यात भारताने, स्वतः अजून पारतंत्र्यात असताना, संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार नेली.

आमसभेत दक्षिण आफ्रिकेची बाजू मांडणारे पंतप्रधान यान स्मट्स हे सनदेच्या प्रस्तावनेच्या शिल्पकारांपैकी एक होते. तरीही हा अंतर्गत प्रश्न असून त्याविषयी आधी आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता. विजयालक्ष्मी पंडित यांच्या नेतृत्वाखालील भारतीय शिष्टमंडळाने दोन सरकारांमधील १९२७ च्या केपटाउन कराराचा आधार घेतला, पण त्यासोबत सनदेचाही घेतला, आणि हा दुसरा आधार अधिक दूरगामी ठरला. करारामुळे हक्क सांगता येई तो केवळ भारतीय वंशाच्या लोकांसाठी. सनदेवर उभा राहिलेला दावा मात्र कोणत्याही माणसाचा होऊ शकत होता. ८ डिसेंबर १९४६ रोजी ३२ विरुद्ध १५ मतांनी, सात राष्ट्रे तटस्थ असताना, ठराव संमत झाला. दोन तृतीयांश बहुमत जेमतेम गाठले गेले.

आमसभेचे असे ठराव राष्ट्रांवर बंधनकारक नसतात, आणि दक्षिण आफ्रिकेने हा मानलाही नाही. उलट १९४८ मध्ये सत्तेवर आलेल्या नॅशनल पक्षाने ‘अपार्थाइड’, म्हणजे वर्णविभक्तीचे धोरण, राबविले. तरीही एकदा पडलेली वाट बुजली नाही. १९५२ मध्ये आशियाई व अरब राष्ट्रांनी वर्णविभक्तीचा संपूर्ण प्रश्नच, म्हणजे बहुसंख्य कृष्णवर्णीयांचाही, आमसभेपुढे आणला, आणि १९७१ मध्ये नामिबियासंबंधी सल्लागार मत देताना आंतरराष्ट्रीय न्यायालयाने या धोरणाला सनदेच्या हेतूंचे व तत्त्वांचे उघड उल्लंघन ठरविले.

सनदेवर आधारलेला हा दावा भारताच्या सीमेपाशी थांबणारा नव्हता, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९४६ मध्येच उमगले होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांना केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी तेथील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्याकडे मागितल्या, कारण अस्पृश्यही तोच मार्ग धरण्याचा विचार करीत होते. पुढे १९६५ च्या वांशिक भेदभावविरोधी करारात वर्ण व वंशासोबत ‘जन्माने येणारी वंशपरंपरा’ हा भेदाचा आधारही नमूद झाला, आणि ही भर भारताच्याच दुरुस्तीने पडली. २००१ मध्ये दरबान येथील जागतिक परिषदेत दलित संघटनांनी जातीचा प्रश्न मांडला, तेव्हा मात्र भारत सरकारने जात म्हणजे वंश नव्हे आणि हा देशातला प्रश्न आहे, अशी भूमिका घेतली. जात आणि वंश एक नाहीत हे समाजशास्त्रीयदृष्ट्या मान्य करता येते. पण करारात जन्माधारित परंपरेचा स्वतंत्र उल्लेख असताना त्या भेदाने प्रश्न सुटत नाही. कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या तज्ज्ञ समितीने २००२ मध्ये आपल्या २९ व्या सर्वसाधारण शिफारशीत जातीचा समावेश या संज्ञेत स्पष्टपणे केला, आणि २००७ मध्ये भारताच्या अहवालाची छाननी करताना सरकारचा प्रतिवाद अमान्य करून तेच मत कायम ठेवले.