खऱ्याचे खेळणे

होंजो नाओकी या जपानी छायाचित्रकाराचा ‘स्मॉल प्लॅनेट’ हा संग्रह २००६ साली निघाला. त्यातली शहरे पाहून कोणीही म्हणेल, काय सुबक खेळणी मांडली आहेत! पण ती घरे खरी, मोटारी खऱ्या, माणसेही हाडामांसाची. इटलीचे ओलिव्हो बार्बिएरी यांनी तर त्याआधीच हेलिकॉप्टरमधून साऱ्या रोम शहराची अशी गत केली होती.

ही करामत कशाची? वाचकहो, आपल्या मुलांनी केलेल्या दिवाळीच्या किल्ल्यापाशी अगदी जवळ बसा आणि एका मावळ्यावर नजर खिळवा. त्याच्या पुढचा दरवाजा पुसट होतो, मागचा बुरूजही. दूरच्या खऱ्या डोंगराकडे पाहताना मात्र सारे एकदम स्वच्छ दिसते. डोळ्याने हा धडा लहानपणीच पाठ केलेला असतो, आणि छायाचित्रकार त्याचाच फायदा घेतो. उंचावरून तो कॅमेऱ्याचे भिंग तिरके करतो. चित्रात एक अरुंद पट्टा तेवढा रेखीव उतरतो, वरखाली सारे धूसर. डोळा म्हणतो, पुढचेमागचे पुसट, म्हणजे वस्तू हाताजवळ. आणि हाताजवळ मावणारे शहर म्हणजे खेळणेच!

मला खरे नवल वाटते ते या तिरक्या भिंगाच्या पूर्वजन्माचे. थिओडोर शाइम्पफ्लुग हा ऑस्ट्रियाच्या सैन्यातला कप्तान. बलूनमधून काढलेल्या चित्रांवरून बिनचूक नकाशे करावेत, हा त्याचा ध्यास. पण बलून डुलणार, कॅमेरा कलणार, चौकोनी शेत तिरपागडे उतरणार. ते सरळ करण्यासाठी मूळ चित्र, भिंग आणि पडदा हिशेबाने कलते ठेवण्याची रीत त्याने बसवली आणि १९०४ साली ब्रिटनमध्ये तिचे पेटंट घेतले. फ्रान्सच्या ज्यूल कार्पेंतिए यांनी १९०१ सालीच या वाटेवर पाऊल टाकले होते, हेही त्याने नोंदवले. (शोधकांत हा गुण विरळाच!) तिघांची प्रतले वाढवली की एकाच रेषेत मिळावीत, एवढाच नियम. वर्गात मी तो वहीच्या तीन पानांनी दाखवतो; पाने कशीही उघडा, शिवणीत मिळतातच. हा गृहस्थ १९११ साली वारला. जमीन मापात उतरावी म्हणून त्याने वापरलेला कल उलटा दिला, की तीच जमीन खेळण्यात जमा होते!

हल्ली तिरके भिंगही लागत नाही. साध्या चित्रावर संगणकाने वरखाली धूसर पट्टे ओढले, की काम भागते. मात्र चित्र गच्चीवरून नाहीतर टेकडीवरून काढलेले हवे. रस्त्यात उभे राहून काढले, तर समोरचा माणूस कितीही पुसा, बाहुला होत नाही.