चौकोन, प्रश्नचिन्हं आणि पळालेली वेलांटी

वेबसाइटवर मराठी बिघडते तेव्हा ती बहुतेक वेळा चारपैकी एका प्रकारे बिघडते. एक, अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. दोन, ओळभर नुसती प्रश्नचिन्हं येतात. तीन, डोक्यावर तिरक्या रेघा असलेली युरोपियन अक्षरं आणि चलनांची चिन्हं यांची खिचडी दिसते. चार, अक्षरं सगळी हजर असतात, पण ‘दिवस’चा ‘दविस’ झालेला असतो.

वापरणाऱ्याच्या दृष्टीने चारही एकच: ‘साइट गंडलीय’. दुरुस्त करणाऱ्यासाठी मात्र हे चार वेगवेगळे आजार आहेत. प्रत्येकाचं कारण वेगळं आहे आणि प्रत्येकामागे संगणकाच्या इतिहासातला एकेक निर्णय आहे. त्यातले काही निर्णय मराठीचा विचारही मनात न आणता घेतलेले होते, तर काही आपणच घाईत घेतले होते.

सुरुवात आस्कीपासून करू. १९६३ साली अमेरिकेत हे मानक आलं. त्यात एकूण १२८ जागा होत्या. इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं आणि टेलिप्रिंटरला द्यायच्या काही सूचना एवढ्यात त्या संपल्या. पुढे एका बाइटमधल्या उरलेल्या १२८ जागा पश्चिम युरोपच्या अक्षरांनी भरल्या. त्या मांडणीला लॅटिन-१ म्हणतात. वेब आलं तेव्हा हेच गृहीत धरलं गेलं. पान कुठल्या मांडणीत लिहिलंय हे सर्व्हरने सांगितलं नाही, तर ते लॅटिन-१ समजावं, असं १९९९ सालच्या एचटीटीपीच्या मानकात चक्क लिहिलेलं होतं. म्हणजे गप्प राहिलेलं प्रत्येक पान आपोआप युरोपियन ठरत होतं.

याच काळात भारतात काय चालू होतं? आयआयटी कानपूरमध्ये देवनागरी संगणकावर काम झालं होतं आणि १९८३ साली त्याचा नमुना दिल्लीतल्या विश्व हिंदी संमेलनात दाखवला गेला. पुढे हे जिस्ट तंत्रज्ञान पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. साध्या पीसीमध्ये एक वेगळं कार्ड बसवायचं, की पडद्यावर भारतीय लिप्या दिसू लागायच्या. या कामातून इस्की हे मानक उभं राहिलं आणि १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झालं.

इस्कीतली मूळ कल्पना फार शहाणपणाची होती. अक्षर साठवायचं ते उच्चाराच्या क्रमाने, आणि ते काढायचं कसं हे यंत्राने वेगळं ठरवायचं. ‘दि’ लिहिताना आधी ‘द’ साठवायचा, मग ऱ्हस्व वेलांटी. वेलांटी पडद्यावर डावीकडे नेऊन बसवणं हे चित्र काढणाऱ्या भागाचं काम. ‘महाराष्ट्र’ साठवायचा म्हणजे म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र असे दहा संकेत ओळीने ठेवायचे. ‘ष्ट्र’ची जोडाजोडी नंतर. १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तेव्हा त्यातल्या देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरूनच घेतली गेली. तुमच्या फोनमधल्या प्रत्येक मराठी मेसेजमध्ये ती मांडणी आजही आहे.

मग पुढची पंधरा वर्षं गोंधळ का झाला? कारण मानक कागदावर होतं आणि ब्राउझर टेबलावर. नव्वदच्या दशकातल्या ब्राउझरला वेलांटी डावीकडे नेता येत नव्हती. छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत मात्र एक जुगाड आधीच रुळला होता. फॉन्टच्या फाइलमध्ये इंग्रजी ‘ए’च्या जागी एखाद्या मराठी अक्षराचं चित्र ठेवायचं, ‘बी’च्या जागी अर्ध्या अक्षराचं, आणखी कुठे नुसत्या वेलांटीचं. संगणकाला वाटायचं हे इंग्रजी आहे, माणसाला दिसायचं मराठी. मराठी वर्तमानपत्रं वेबवर आली ती याच वाटेने. वाचकाने आधी फॉन्ट डाउनलोड करायचा, मग बातमी वाचायची. १९९७ नंतर नेटस्केप आणि इंटरनेट एक्सप्लोररने पानासोबत फॉन्ट पाठवायची सोय दिली. पण दोघांचे प्रकार वेगळे होते आणि एकाचा दुसऱ्याला चालत नव्हता.

हा जुगाड वाईट होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्याच्यामुळेच अमेरिकेत बसलेल्या माणसाला सकाळी गावाकडची बातमी वाचता आली. पण त्याची किंमत नंतर कळली. प्रत्येक फॉन्टवाल्याची मांडणी वेगळी. एका फॉन्टमध्ये जिथे ‘क’, तिथे दुसऱ्यात रफार. मजकूर कॉपी केला की हाती इंग्रजी अक्षरांचा भुसा येतो. शोध घेता येत नाही, कारण शोधयंत्राच्या दृष्टीने त्या पानावर मराठीचा एकही शब्द नाही.

दरम्यान १९९२ मध्ये आणखी एक गोष्ट घडली होती. न्यू जर्सीतल्या एका साध्या उपाहारगृहात केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक जेवायला बसले होते. टेबलावरच्या कागदी मॅटवर त्यांनी युनिकोड बाइट्समध्ये मांडायची एक पद्धत आखली, ती म्हणजे यूटीएफ-८. इंग्रजी अक्षराला एक बाइट, देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन. ‘म’ म्हणजे २२४, १६४, १७४.

आता तिसरा आजार उलगडतो. हे तीन बाइट कुणी एकेक करून युरोपियन मांडणीत वाचले, तर २२४ म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेलं लहान ‘ए’, १६४ म्हणजे चलनाचं सर्वसाधारण चिन्ह आणि १७४ म्हणजे गोलातला ‘आर’. ‘मराठी’ शब्दाच्या शेवटच्या वेलांटीतून तर जपानचा येन आणि युरोपचा युरो बाहेर पडतात. पण घाबरायचं कारण नाही. सहसा यात काहीच हरवलेलं नसतं. बाइट जसेच्या तसे आहेत, वाचणाऱ्याने चुकीचा चष्मा लावलाय. पूर्वी ब्राउझरच्या मेनूत एन्कोडिंग बदलून यूटीएफ-८ निवडलं की पान क्षणात सुधारायचं. आता ते काम पान बनवणाऱ्याचं आहे: सर्व्हरने आणि पानाच्या माथ्यावरच्या मेटा टॅगने चारसेट स्पष्ट सांगायचा.

दुसरा आजार, प्रश्नचिन्हांचा, सगळ्यांत वाईट. देवनागरी मजकूर जेव्हा देवनागरीला जागाच नसलेल्या मांडणीत कोंबला जातो, तेव्हा प्रत्येक संकेताच्या जागी एक प्रश्नचिन्ह लिहिलं जातं. आणि ते खरंच लिहिलं जातं, दिसण्यापुरतं नव्हे. मायएसक्यूएल या जगभर वापरल्या जाणाऱ्या डेटाबेसची मूळ मांडणी २०१८ मध्ये आठवी आवृत्ती येईपर्यंत लॅटिन-१ होती. कुणी ती बदलायला विसरलं, की नावांच्या रकान्यात प्रश्नचिन्हं साठत जायची. ‘सुनीता’ म्हणजे सहा प्रश्नचिन्हं, ‘सुजाता’ म्हणजेही सहाच. त्यातून कुठली बाई कोण, हे कुठलाही प्रोग्रामर परत काढू शकत नाही. मूळ कागदी अर्ज शोधणं हाच उपाय. म्हणून प्रश्नचिन्हं दिसली, तर पान रिफ्रेश करत बसण्याआधी डेटाबेसमध्ये लिहिणं थांबवावं. दर मिनिटाला आणखी नावं जात असतात.

त्याच डेटाबेसची आणखी एक गंमत. त्यातल्या ‘यूटीएफ-८’ नावाच्या पर्यायात तीन बाइटच मावत. मराठीला तीन पुरतात, त्यामुळे वर्षानुवर्षं सगळं सुरळीत. मग लोक इमोजी वापरू लागले. इमोजीला चार बाइट लागतात. जुन्या ढिल्या सेटिंगवर इमोजी जिथे आला तिथून पुढचं वाक्यच कापलं जायचं. चार बाइटचा पर्याय २०१० मध्ये आला, पण जुनी टेबलं तशीच राहिली.

पहिला आजार, चौकोनांचा, त्यामानाने निरुपद्रवी. मजकूर बरोबर आहे, फक्त त्याचं चित्र काढायला फॉन्ट नाही. या चौकोनांना संगणकवाले ‘टोफू’ म्हणतात, आणि ‘नो टोफू’ यावरूनच गूगलच्या नोटो फॉन्टचं नाव पडलं. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्ट आला. विंडोज एक्सपीमध्ये मात्र कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन गुंतागुंतीच्या लिप्यांसाठीच्या खिडकीवर टिक करावी लागे, आणि मग मशीन इन्स्टॉलेशनची सीडी मागे. मोबाइलवर तोच खेळ पुन्हा झाला. आज पंचविशी-तिशीत असलेल्या अनेकांना ओपेरा मिनीच्या अॅड्रेस बारमध्ये ‘कॉन्फिग’ आणि विसर्गचिन्ह टाइप करून बिटमॅप फॉन्टचा पर्याय चालू करायची युक्ती आठवत असेल. फोनला मराठी काढता येत नसे, म्हणून अक्षरांचं चित्र ओपेराचा सर्व्हर काढून पाठवायचा.

चौथा आजार, पळालेल्या वेलांटीचा, थेट इस्कीच्या कल्पनेशी जोडलेला आहे. साठवण बरोबर, फॉन्टही आहे, पण जोडाजोडी करणारा भाग नाही. म्हणून द, वेलांटी, व असा क्रम लागून ‘दविस’. हे काम आज बऱ्याच ठिकाणी हार्फबझ ही मुक्त लायब्ररी करते. फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइडमध्ये ती आहे. तुम्ही वेबसाइट बनवत असाल आणि पीडीएफ पावतीत वेलांट्या पळत असतील, तर दोष फॉन्टमध्ये शोधू नका. पीडीएफ बनवणाऱ्या लायब्ररीला शेपिंग येतं का ते पाहा. हे काम किती नाजूक आहे ते २०१८ च्या फेब्रुवारीत दिसलं. तेलुगूतल्या ‘ज्ञा’ने आयफोनवरची अॅप बंद पडू लागली आणि अॅपलला घाईने दुरुस्ती काढावी लागली.

मोठे आजार आता कमी झाले आहेत. उरले आहेत ते बारीक दुखणे. इंग्रजी मोजून बनवलेल्या बटणात ‘सुरू’चे उकार कापले जातात. डिझायनर अक्षरांमधलं अंतर वाढवतो आणि शिरोरेषेचे तुकडे होतात. नाव तपासणारा कोड काना-मात्रेला अक्षर मानत नाही; पायथनमधलं शब्द ओळखण्याचं सर्वांत नेहमीचं चिन्हही वेलांटीवर अडतं, आणि फॉर्म सांगतो, ‘कृपया वैध नाव लिहा’. ‘ॲ’ला स्वतःची जागा मिळाली ती २००८ मध्ये. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र देऊन लिहीत आणि अजूनही लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखे, शोधणाऱ्या कोडला दोन वेगळे शब्द.

हे दुरुस्त होतील, कारण आजचा मजकूर युनिकोडमध्ये आहे. काळजी वाटते ती मधल्या दहा-बारा वर्षांची. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला तो युनिकोडमध्येच. त्याच्या आधीचं आणि नंतरचंही काही वर्षांचं पुष्कळ लेखन फॉन्टच्या जुगाडात अडकलेलं आहे: वर्तमानपत्रांची पानं, दिवाळी अंकांच्या डीटीपी फाइली, संस्थांच्या स्मरणिका. इंटरनेट आर्काइव्हमध्ये पान जपलं गेलं तरी त्याची फॉन्ट फाइल सोबत असेलच असं नाही. ज्ञानेश्वरीची जुनी हस्तलिखितं लिपी येणाऱ्या कुणालाही वाचता येतात. १९९९ मधली बातमी वाचायला मात्र तेव्हाच्या एका विशिष्ट फॉन्टची तक्ता-फाइल हवी.

रूपांतर करणारी साधनं आहेत, पण त्यांना मूळ फॉन्ट कुठला हे कळावं लागतं. तुमच्या घरी, एखाद्या ग्रंथालयात किंवा छापखान्यात त्या काळातली सीडी असेल, तर फाइलसोबत तिचा फॉन्टही जपून ठेवा, फाइलच्या नावात फॉन्टचं नाव लिहा, आणि जमेल तेवढं आत्ताच युनिकोडमध्ये आणा. तो मजकूर टाइप करणारी माणसं अजून आपल्यात आहेत. कुठल्या कळीवर कुठलं अक्षर होतं, हे त्यांच्या बोटांना आठवतं.