भिंतीवरची रानजाई

वडील पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये नोकरीला होते. कारखाना १९५४ चा. कॉलनीतल्या आमच्या क्वार्टरच्या दाराशी आईने मधुमालतीची फांदी खोचली आणि दोन पावसाळ्यांत वेल छपराला टेकली. संध्याकाळी पांढरी उमललेली फुलं दुसऱ्या दिवशी गुलाबी व्हायची, मग लाल. पाहुण्यांना पत्ता सांगताना क्वार्टरचा नंबर नंतर, आधी वेल.

१९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण झालं, निगडीत प्लॉट पडले, बंगले उठले आणि भिंतींवर बोगनवेल आली. पाणी कमी, निगा कमी, पश्चिमेचं ऊन खुशाल खाते. पण रंगकामाच्या वेळी काटे जीव नकोसा करतात. मी हौसेने भिंतीला चिकटणारं फायकस लावलं. उपटायला गेले तर मुळांबरोबर गिलाव्याचे पोपडे हातात आले. संक्रांत वेल त्यापेक्षा गुणी, जानेवारीत सगळी भिंत केशरी करते.

माझा जीव मात्र रानजाईवर. काही जण तिला मोरवेल म्हणतात. परदेशी बागांतल्या क्लेमॅटिसची ही सह्याद्रीतली सख्खी बहीण. हिमालयातली दुसरी बहीण १८३१ मध्ये लेडी अ‍ॅमहर्स्टमुळे इंग्लंडात पोचली आणि तिथल्या घरांच्या भिंतींवर मानाने चढली. आपली रानजाई कुंपणावरच राहिली. गुराच्या जखमेत किडे पडले की तिचा पाला चुरून भरायचा, एवढीच तिची आठवण.

राजमाचीच्या वाटेवरून चिमूटभर बी आणलं. प्रत्येक बीला पिसासारखं शेपूट. पहिलं रोप पश्चिमेला लावलं, ते मे महिन्यात करपलं. दुसरं पूर्वेच्या भिंतीशी लावलं, बुंध्यावर दगड रचून मुळांना सावली केली. हिला चिकटायला मुळं नाहीत आणि धरायला तणावेही नाहीत; पानाचा देठच सुतळीला वेढा घालतो. गणपतीच्या सुमारास पांढरा बहर येतो. आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो ती खरं तर निदलं, पाकळ्या हिला नसतातच.

आपल्या महापालिकेच्या फुलांच्या प्रदर्शनाचं नाव ‘रानजाई महोत्सव’. मग त्या नावाची वेल आपल्या भिंतींवर का नसावी? पूर्वेची भिंत मोकळी असेल तर जाळी ठोकून ठेवा, मृगाला बी पेरा. छाटताना हातमोजे घाला, रस कातडीला झोंबतो. बी लागलं तर माझ्याकडे मागा.