चूल, धूर आणि धुराडं



आज ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहे ती तुमच्या घरात आहे. स्वयंपाकघरात नसली तरी मागीलदारी अंघोळीचं पाणी तापवायला आहेच. ती म्हणजे चूल. इतिहास म्हटलं की आपल्याला शाळेतलं पुस्तक आठवतं. गड, तह, लढाया आणि पाठ न होणाऱ्या सनावळ्या. त्या पुस्तकात शिरूर तालुक्यातल्या इनामगावचं नाव कधी वाचलं असेल तर आठवून बघा. घोड नदीच्या काठावर डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून बरीच वर्षं तिथे उत्खनन केलं. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव मातीखालून वर आलं. घरांच्या जमिनी, धान्याच्या कणग्यांच्या जागा, रांजण आणि त्यांच्या जोडीला मातीच्या चुली. चुलीवर जेवण रांधणाऱ्या त्या बाईचं नाव कुणाला माहीत नाही, पण ती कुठे बसत होती ते मात्र आज बोट ठेवून दाखवता येतं.

‘घरोघरी मातीच्या चुली’ ही म्हण आपण सासू-सुनेच्या कटकटीवर वापरतो. मला ती शब्दशः घ्यावीशी वाटते. घरोघरी चूल मातीची होती आणि ती घरातल्या बाईनेच घातलेली होती. बाजारातून आणलेली नव्हती, सुताराने-लोहाराने केलेली नव्हती. आपल्या रत्नागिरीत तर हे काम आणखी जिकिरीचं. जांभ्याच्या कातळावर चिकण माती सहज मिळत नाही. ती भातखाचरातून नाहीतर वारुळातून आणायची, त्यात भाताचा तूस आणि शेण घालून मळायची, चार दिवस मुरू द्यायची. मग चूल घालायची आणि तिला खेटून वैल. भाकरी चुलीवर आणि आमटी वैलावर. पुढे जाळ आणि मागे त्याच जाळाच्या शिल्लक उष्णतेवर दुसरं भांडं. एका विस्तवावर दोन कामं करून घेण्याची ही अक्कल कुठल्या प्रयोगशाळेतून आलेली नाही.

आणि देखभाल? ती तर रोजचीच होती. रात्री आवरलं की राख काढायची, पोतेरं फिरवायचं, तडा दिसला की लगेच ओल्या मातीचं बोट. एखादा निखारा राखेखाली पुरून ठेवायचा म्हणजे सकाळी फुंकणी घातली की जाळ. नाहीतर शेजारणीकडून विस्तव मागून आणायचा. काड्यापेटी घरात आली ती फार उशिरा. आधी स्वीडन आणि जपानची पेटी यायची. ‘विमको’ कंपनी १९२३ मध्ये निघाली आणि अंबरनाथला काड्यापेट्या बनू लागल्या. तरीसुद्धा निखारा पुरून ठेवायची सवय आपल्या आज्यांनी सोडली नाही, कारण काडी विकत घ्यावी लागते आणि निखारा फुकट असतो.

आता धुराकडे येते. आपल्या जुन्या चुलीला धुराडं नव्हतं, कारण अख्खं घरच धुराडं होतं. छप्पर पेंढ्याचं नाहीतर नळीच्या कौलांचं. धूर माळ्यावर चढायचा आणि कौलांच्या फटींतून हळूहळू बाहेर पडायचा. वाटेत तो कामही करायचा. पावसाळ्यात ऊन कुठलं? कोकमं, सुकी मासळी, बियाण्याचं भात, आगोटीला भरून ठेवलेलं सरपण, सगळं चुलीच्या वरच्या माळ्यावर कोरडं राहायचं. वासे-बांबूंना भुंगा लागत नसे. धुराने घर टिकायचं, हे खरं आहे. त्याच धुरात बसणाऱ्या बाईचं काय, हा प्रश्न कुणी विचारत नव्हतं. डोळे चोळत फुंकणी फुंकणारी बाई हे इतकं नेहमीचं चित्र होतं की त्यात विचारण्यासारखं काही आहे असंच कुणाला वाटलं नाही.

इथे जरा साहेबाच्या मुलखात डोकावू. तिकडे थंडी भयंकर, म्हणून शेकायचा विस्तव बसायच्या खोलीत, भिंतीत केलेल्या कोनाड्यात आणि वर धुराडं. इंग्लंडच्या राजाने १६६२ साली या विस्तवांवर पट्टीच बसवली, दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग. कर मोजणारा माणूस घरात शिरून चुली मोजायचा, म्हणून लोक चिडले आणि १६८९ मध्ये ती पट्टी रद्द झाली. पुढे १७९० नंतर रम्फर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने या बैठकीतल्या चुलींचा अभ्यास केला. चुलीचं तोंड लहान करा, धुराड्याचा गळा अरुंद करा, म्हणजे धूर खोलीत न पसरता वर खेचला जाईल, असं त्याने सांगितलं आणि लंडनच्या श्रीमंतांनी भराभर आपल्या चुली तोडून नव्याने बांधून घेतल्या. माझं मत विचाराल तर त्यांचा प्रश्न लवकर सुटला त्याचं कारण उघड आहे. तिकडे धूर घरमालकाच्या डोळ्यांत जात होता. आपल्याकडे तो मागल्या खोलीत बाईच्या डोळ्यांत जात होता.

आपल्याकडे धुराचा विचार सुरू झाला तो गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या चळवळीत. वर्ध्याच्या मगनवाडीत घाणी, हातकागद यांच्याबरोबर चुलीवरही प्रयोग झाले आणि ‘मगन चूल’ तयार झाली. मातीचीच, पण धूर बाहेर काढणारी. १९५३ मध्ये हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेचे एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या स्वयंपाकघरांवर एक पुस्तिका काढली. एक मोठा अभियंता चुलीवर पुस्तक लिहितो, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

मग बरीच वर्षं शांतता. १९८० च्या सुमारास कर्क स्मिथ हे संशोधक गुजरातच्या खेड्यांत गेले आणि चुलीपुढे बसलेल्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो ते त्यांनी उपकरण लावून मोजलं. बाहेरच्या हवेत चालेल असं म्हणतात त्याच्या कितीतरी पट धूर त्या घरात बसून घेत होत्या. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की २०२० या एका वर्षात घरातल्या अशा धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली.

त्याच सुमारास दिल्लीहून मोठी योजना आली. १९८३ मध्ये प्रायोगिक सुरुवात आणि मग देशभर ‘राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम’. तुमच्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या बायांना ‘निर्धूर चूल’ हा शब्द आठवत असेल. २००२ पर्यंत देशात जवळपास साडेतीन कोटी चुली बसल्या. आकडा ऐकून ऊर भरून येतो, पण मागे वळून बघितलं तर बऱ्याच चुली वर्ष-दोन वर्षांत मोडल्या, नाहीतर त्यांचं धुराडं काजळीने बंद झालं आणि बाईने पाइप काढून टाकून पुन्हा तीन धोंडे मांडले. असं का झालं? चूल पहिल्यांदाच बाहेरून आली होती. कुणीतरी बसवून गेलं आणि पुन्हा फिरकलं नाही. मातीच्या चुलीला तडा गेला तर काय करायचं ते आपल्याला ठाऊक होतं. या चुलीचं धुराडं कशाने साफ करायचं, किती दिवसांनी करायचं, आतली वाट कुठे तुंबते, हे बाईला कुणी शिकवलंच नाही.

हे मी अंदाजाने बोलत नाही. ओडिशात एका स्वयंसेवी संस्थेने गावोगाव सुधारित चुली बसवल्या तेव्हा एस्थर डुफ्लो, रेमा हॅना आणि मायकल ग्रीनस्टोन या अर्थतज्ज्ञांनी त्या घरांवर चार वर्षं लक्ष ठेवलं. त्यातल्या डुफ्लोबाईंना पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळालं. पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासातला धूर कमी झाला. नंतर चुली नीट वापरल्या गेल्या नाहीत, दुरुस्त झाल्या नाहीत आणि फायदा पुसून गेला. सरपणही वाचलं नाही. चीनची गोष्ट वेगळी आहे. तिथे दहा कोटींहून जास्त घरांत सुधारित चुली गेल्या. खर्चाचा मोठा वाटा घरमालकाचाच होता आणि चूल बांधणारा माणूस जवळपासचाच असायचा. पदरचे पैसे घातले की माणूस वस्तू सांभाळतो, हे आपल्या बचतगटांतही आपण रोज बघतो.

महाराष्ट्रात हे ओळखलं पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने. ती स्थापन करणारे डॉ. आनंद कर्वे हे आपल्या दापोलीजवळच्या मुरुडच्या महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे नातू. आजोबांनी विधवांसाठी शाळा काढली, बायकांसाठी विद्यापीठ काढलं. नातवाच्या संस्थेत चुलीवर संशोधन झालं. मला हे एकाच कामाचे दोन भाग वाटतात. दोन भांड्यांची, धुराड्याची ‘लक्ष्मी’ चूल त्यांनी पसरवली आणि ती साच्यात घालायला गावातल्या कुंभारांना व कारागिरांना शिकवलं, म्हणजे विकणारा आणि दुरुस्त करणारा गावातच राहील.

तोवर शहरात रॉकेलचा स्टोव्ह येऊन गेला होता. त्याबद्दल फार बोलत नाही. स्टोव्हचा भडका उडून सून भाजली, ही बातमी एकेकाळी पेपरात इतकी यायची की खरोखरचा अपघात कुठला आणि घडवलेला कुठला ते कळत नसे. १९८३ साली सासरच्या छळाविरुद्ध कायद्यात ४९८ अ हे कलम आलं, ते त्याच काळात.

आणि मग गॅस. २०११ च्या जनगणनेत देशातल्या ग्रामीण भागात शंभरातल्या साधारण अकरा घरांतच गॅस होता आणि बासष्ट-त्रेसष्ट घरं लाकडावर रांधत होती. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये आठ कोटीवी जोडणी दिली गेली ती आपल्या महाराष्ट्रात, तेव्हाच्या औरंगाबादला, बचतगटांच्याच राज्य मेळाव्यात. आज आपल्याकडे शेगडी नाही असं घर शोधावं लागतं. पण सिलिंडर १४.२ किलोचा आणि महिना तीस दिवसांचा. त्यामुळे चहा-भाजी गॅसवर, पाणी आणि भात चुलीवर असा संसार चालू आहे. यात लाजण्यासारखं काहीच नाही. काळजी वेगळीच आहे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत कौलं गेली आणि स्लॅब आला. म्हणजे जे घर आपलं धुराडं होतं तेच बंद झालं आणि चूल मात्र धुराड्याशिवाय तशीच राहिली. स्लॅबच्या पडवीत, पत्र्याच्या न्हाणीत कोंडलेला धूर हा आजीच्या धुरापेक्षा वाईट. त्यात पेटवण म्हणून प्लास्टिकची पिशवी घालायची नवी खोड लागली आहे. तो धूर विषारी असतो. त्यापेक्षा सुकं चुडतं आणि करवंटी काय वाईट आहे?

हे सगळं आत्ता सांगायचं कारण हायवेवरच्या पाट्या. ‘चुलीवरचं जेवण’, ‘चुलीवरचं मटण’. गुहागर, गणपतीपुळे, जिथे जावं तिथे. मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना चुलीची चव हवी असते आणि ते तिचे पैसे मोजतात. आपले कितीतरी गट घरगुती खानावळीत उतरले आहेत, ते चांगलंच आहे. पण घरच्या पाच माणसांच्या भाकऱ्या आणि तीस पाहुण्यांच्या भाकऱ्या यांत चुलीपुढे बसण्याच्या वेळेचा फरक आहे. चव पाहुण्याला, पैसे गटाला आणि धूर भाकरी थापणारीला. गटाच्या हिशेबाच्या वहीत या धुराचा रकाना नसतो.

आमच्या एका गटाने कर्ज काढून खानावळीसाठी चुलीची शेड घालायचं ठरवलं, तेव्हा बैठक दोन तास चालली. फरशी कुठली आणि रंग कुठला, यावर पाऊण तास गेला. मग एका आजींनी विचारलं, “धुराड्यात हात कुठून घालायचा?” सगळ्या गप्प. तिथून खरी चर्चा सुरू झाली.

तुम्हीही चूल घालणार असाल तर गवंड्याशी आधी हेच बोलून घ्या. पाइप छपराच्या वर दोन-तीन फूट गेला पाहिजे, नाहीतर वारा धूर परत आत ढकलतो. आपला पावसाळा बघता वर टोपी हवीच. वासे लाकडी असतील तर पाइप आणि लाकूड यांत मोकळी जागा आणि मधे पत्रा. पाइपाच्या खालच्या बाजूला उघडता येईल असं झाकण ठेवा. दोरीला काथ्याचा बोळा बांधून महिन्यातून एकदा तो वर-खाली ओढला की काजळी खाली पडते. खानावळीची चूल असेल तर दर पंधरा दिवसांनी. जुना सिमेंटचा पत्रीपाइप घरात पडलेला असेल तर तो करवतीने कापू नका, त्यात बहुधा ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ छातीत बसते. जाळाखाली लोखंडी जाळी ठेवली तर खालून हवा लागते आणि फुंकणी कमी लागते. भांड्यावर झाकण ठेवा. वैल रिकामा ठेवू नका. सरपण फोडून, उन्हात खडखडीत वाळवून मगच आगोटीला आत घ्या. ओल्या लाकडाची आग स्वतःचंच पाणी आटवण्यात वाया जाते आणि धूर जास्त होतो.

त्या गटाने शेवटी ओटा उंच केला, म्हणजे उभ्याने रांधता येईल, आणि काजळी काढायची पाळी लावली. खानावळीच्या भिंतीवर दराच्या पाटीशेजारी कॅलेंडर आहे, त्यात दर पंधरवड्याला एका बाईचं नाव लिहिलेलं असतं.