वेंगुर्ल्याची बेटे, पाकोळी आणि तिच्या नोंदींचा प्रवास

वेंगुर्ल्याच्या वायव्येस भर समुद्रात खडकाळ बेटांचा जो पुंजका आहे, त्यातील गुहांमध्ये भारतीय पाकोळी हा पक्षी वसाहत करून राहतो. आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंधारात वाट काढणारा हा पक्षी मुख्यतः स्वतःच्या लाळेने घरटे बांधतो, आणि अशा घरट्यांच्या सूपाला चिनी खाद्यसंस्कृतीत फार जुनी प्रतिष्ठा असल्यामुळे या बेटांना व्यापाराच्या दृष्टीनेही मोल आले. पक्षिशास्त्रज्ञ जर्डनने १८४० मध्ये या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले. पुढे अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम याने १८७५ मध्ये लक्षद्वीप व पश्चिम किनाऱ्याची सफर करून तिचा वृत्तांत १८७६ मध्ये आपल्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापला, तेव्हा वेंगुर्ल्याच्या बेटांचीही नोंद पक्षिशास्त्रात झाली.

ह्यूमने १८८५ मध्ये आपला प्रचंड पक्षिसंग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला दिला. या दानाने नमुने सुरक्षित राहिले हे खरेच, परंतु भारतातील पक्ष्यांचे मूळ पुरावे परदेशी गेल्याने इथल्या अभ्यासकाला स्वतःच्या भूमीची माहिती पडताळण्यासाठी साता समुद्रापार पाहावे लागले, ही उणीव फार काळ जाणवत राहिली. म्हणूनच हुमायुन अब्दुलअली यांनी १९४० च्या दशकारंभी या बेटांवरील पाकोळ्या व सुरय पक्षी यांच्याविषयी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये लिहिलेल्या लेखांना विशेष महत्त्व आहे. येथील निरीक्षण येथेच छापले गेले.

२००१ च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या कार्यकर्त्यांना घरट्यांची चोरी आढळली, आणि त्यानंतरच्या पाठपुराव्याने या पक्ष्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाचे, कवच मिळाले. नोंदींच्या बाबतीतही २००१ मध्येच मोठा बदल झाला: विविध देशांतील संग्रहालये व निरीक्षक यांच्या नोंदी एकत्र करून सर्वांना विनामूल्य देणारी ‘जीबीआयएफ’ ही आंतरराष्ट्रीय यंत्रणा स्थापन झाली. तिचे कार्यालय कोपनहेगनला आहे. लंडनला गेलेल्या जुन्या नमुन्यांच्या नोंदी मालवणात बसून पाहता येणे हे जुन्या अन्यायाचे मोठे परिमार्जन होय. तथापि, ज्या पक्ष्याचे घरटे विकले जाते, त्याच्या गुहेचा नेमका ठाव जाहीर झाला की तो चोरालाही कळतो. त्यामुळे अशा प्रजातींची अचूक जागा झाकून केवळ ढोबळ परिसर दाखवण्याची जी रीत जागतिक नोंदसंचांत रूढ होत आहे, ती वेंगुर्ल्याच्या बेटांसाठी अत्यावश्यक आहे.